सुपातलं पदक

माझं सुवर्णपदक माझ्या बापानं सुपात ठेवलं आणि भटानं वरून त्यावर पाणी शिंपडलं.

जत्रेचा दिवस होता. देवळासमोर सगळा गाव जमलेला. राष्ट्रीय स्पर्धेत वेल्टरवेट गटात मी पहिली आले होते, म्हणून जत्रेतच माझा सत्कार ठेवला होता. स्पीकरवर माझं नाव गाजत होतं. गावची वाघीण. पेडण्याची शान. वरच्या पायरीवर भाटकार उभे होते. भाटकार म्हणजे आमच्या गावचे जमीनदार आणि देवस्थान समितीचे अध्यक्ष. मी आणि बाबा खाली अंगणात उभे होतो. आमची जागा तीच. आम्ही महार. आमचा वाडा, म्हणजे वस्ती, धारगळच्या हायवेवरून आत वळलं की गावाच्या शेवटाला.

भाटकार हसून म्हणाले, "दी गो बाय तें पदक. देवाच्या पायांकडे दवरूया."

मी गळ्यातून पदक काढलं. हात पुढे केला. त्यांचा हात पुढे आला नाही. मला वाटलं, गर्दीत दिसलं नसेल. मी हात आणखी उंच केला. तेवढ्यात बाबांनी माझ्या हातातून पदक घेतलं. जत्रेसाठी आम्हीच विणून आणलेल्या नव्या सुपात ठेवलं. सूप पहिल्या पायरीवर टेकवलं आणि मागे सरकले. मला कळायच्या आत. भटानं तांब्यात आंब्याचा टाळ, म्हणजे पानांची डहाळी, बुडवला आणि सुपावर दोनदा झटकला. मग वरचा एक जण उतरला, सूप उचललं आणि आत गेला.

पदक आत गेलं. मी बाहेर.

मग स्पीकरवर म्हणाले, प्रशिक्षकांनी वर यावं. माझे सर पायऱ्या चढून वर गेले. सर डिचोलीकडचे, नार्व्याचे. फौजेतून निवृत्त झालेले. ते आमच्यातले नव्हेत. त्यांच्या खांद्यावर शाल घातली. नारळ त्यांच्या हातात दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मार मी खाल्ला होता, पण ते असो. गुरूचा मान मोठा.

माझा नारळ घेऊन भाटकार एक पायरी खाली आले. एकच. बाबा कानाशी म्हणाले, "ओंजळ कर."

मी ओंजळ केली. नारळ वरून पडला. माझे हात चपळ आहेत, झेलला. त्या झेलण्यालाही कोणीतरी टाळी वाजवली.

पदक परत आलं ते त्याच सुपातून. ओलं, कुंकू लागलेलं. बाबांनी ते उचलून माझ्या गळ्यात घातलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. खोटं नाही सांगत, आनंदाचं पाणी. म्हणाले, "देवाच्या पायांकडे पावलें गो. आमच्या घरांतलें भांगर देवाच्या पायांकडे पावलें."

भांगर म्हणजे सोनं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना, तो हा. रिंगमध्ये निदान तोंडात गार्ड असतो.

आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या बांबूचं काम. सुपं, टोपल्या, मासे धरायच्या कोंडी. कोयत्यानं बांबू फोडायचा, त्याच्या पातळ पट्ट्या काढायच्या, ओल्या असतानाच विणायला घ्यायच्या. हे काम आमच्यात बायका करतात. आईची बोटं कायम चिरलेली. माझीही. शाळेत पेन धरलं की शाईपेक्षा रक्त आधी वहीला लागायचं. बांबू मिळायचा भाटकारांच्या बेटातून. त्याबदली जत्रेला देवळात नवी सुपं आणि टोपल्या द्यायच्या. त्या सुपांतून देवाला तांदूळ जातो, फुलं जातात. ती सुपं द्यायचा मान आमच्या घराचा. वाड्यावर इतर घरं आहेत, पण मान आमचा.

हा मान कसा असतो ते लहानपणी मी दरवर्षी पाहिलं. बाबा धुतलेला सदरा घालत. डोक्यावर सुपांची चळत. वाड्यावरचे लोक मागून चालत. देवळाच्या अंगणात पोहोचलं की सुपं पायरीवर ठेवायची आणि मागे सरकायचं. भट पाणी शिंपडणार, वरचा माणूस उचलणार, मग वरून नारळ. तो नारळ झेलला की बाबा वाड्याकडे वळून बघत. छाती पुढे. घरी आल्यावर तो नारळ आधी देवाच्या फोटोसमोर, मग फोडून वाड्यावर वाटायचा. आमच्या घराला वाड्यावर किंमत होती ती त्या नारळाची.

मी एकदा विचारलं होतं, पाणी कशाला शिंपडतात. लहान होते. बाबा म्हणाले, "नवें आसता न्हय, देवाक वचचें. म्हणान." मला पटलं. नवी वस्तू, देवाला जायची, म्हणून पाणी. नवी फुलंही जायची आत. त्यांच्यावर कोणी पाणी शिंपडत नव्हतं. हे मला दिसायला बरीच वर्षं लागली.

बॉक्सिंगमध्ये मी चुकूनच आले. शाळेतून तालुक्याच्या स्पर्धेला गोळाफेकीसाठी गेले होते. नंबर काही आला नाही. पण तिथे सर होते. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. म्हणाले, "हे हात गोळो उडोवपाचे न्हय. बुक्की मारतलें?" मला हसू आलं. मुलीला कोणी असं विचारतं का. पण मी हो म्हटलं. घरात दिवसभर बांबू फोडण्यापेक्षा काहीही बरं, हा विचार.

डिचोलीत एक मोठी शेड होती. खाणी चालू होत्या तेव्हा तिथे ट्रक दुरुस्त व्हायचे. खाणी बंद पडल्या, शेड ओस पडली. सरांनी तिथे लाकडी फळ्या टाकून रिंग बांधली होती. जमिनीला अजून ग्रीसचा वास येई. मी पहाटे उठून पोदेराकडचे, म्हणजे पाववाल्याकडचे, दोन उंडे पाव पिशवीत टाकायची, हायवेवर बस पकडायची, म्हापशाला उतरायची, तिथून डिचोलीची बस. नंतर डिचोलीत मावशीकडेच राहायला लागले.

पहिल्या दिवशी एका मुलीनं विचारलं, "खंयचें गो तूं?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"वाडो खंयचो?"

आमच्याकडे जात कोणी विचारत नाही. आम्ही सुधारलेले लोक. आम्ही फक्त वाडा विचारतो. मी वाडा सांगितला. ती म्हणाली, "हां." बाकी काही नाही. शेडमध्ये सगळ्यांचे ग्लोव्ह्ज एकच असत, एकीनं काढले की दुसरीनं घालायचे, आतून घामानं ओले. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःचे ग्लोव्ह्ज आणू लागली. त्वचेला खाज येते म्हणाली.

सरांना हे कळलं की नाही ठाऊक नाही. पण त्यांनी मला तिच्याशीच लढायला उभं केलं. पहिला महिना तिनं मला बडव बडव बडवलं. नाकातून रक्त आलं. ते तिच्या ग्लोव्ह्जवर लागलं, तिच्या दंडावर लागलं. तिचा घाम माझ्या तोंडात गेला. मला त्या दिवशी एक विचित्र सुख झालं. म्हटलं, आता शिंपड पाणी. किती शिंपडशील.

पुढे ती माझी मैत्रीण झाली, म्हणजे शेडमधली. तिच्या घरी मी कधी गेले नाही. तिनं बोलावलं नाही.

वेल्टरवेट हा मधला गट. हलक्या मुली पळतात, जड मुली ठोकतात. आमच्या गटात दोन्ही करावं लागतं. माझं वजन कायम किंचित वर असायचं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी जाड जॅकेट घालून दोरीवर उड्या मारायच्या, पाणी प्यायचं नाही, तोंडात लिंबाचं साल धरायचं. भुकेचा मला त्रास झाला नाही. भूक काही नवी नव्हती. सीझनमध्ये मी हरमलला पर्यटकांच्या खोल्या साफ करायला जायची, चादरी बदलायची, आणि उरलेल्या वेळात समुद्राच्या ओल्या वाळूवर धावायची. मालकीण म्हणायची, "इतलें धांवन खंय पावतलें गो तूं?" मला तरी कुठे माहीत होतं.

सुरुवातीच्या लढती हरले. मग राज्यात जिंकले. मग पुन्हा हरले. मग एकदा राष्ट्रीय स्पर्धेत पदकाजवळ येऊन हरले आणि रेल्वेत परत येताना सरांशी बोलले नाही, बाथरूमच्या दारात उभी राहून रडले. हे सगळ्याच खेळाडूंचं असतं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

फायनल सांगते. समोरची मुलगी उंच होती, डावखुरी होती. पहिल्या फेरीत तिनं मला जवळच येऊ दिलं नाही. डोळ्याखाली सूज आली. कोपऱ्यात स्टुलावर बसले तर सर तोंडावर पाणी मारत म्हणाले, "पोटांत मार. तकली मागीर." आधी पोट, डोकं नंतर. मी खाली वाकून आत शिरले. बांबू फोडताना कोयता एकदा बसला की मागे घ्यायचा नसतो, गाठ सुटेपर्यंत दाबायचं. मी दाबत राहिले. शेवटच्या फेरीत तिचे हात खाली आले. ते मला दिसले. बाकी काही आठवत नाही.

आठवतं ते एवढंच की पंचानं माझं मनगट धरलं आणि हात वर केला. घट्ट धरलं होतं. त्यानं वाडा विचारला नव्हता.

मग मोप्याच्या विमानतळावर हार. हायवेवर स्कूटरींची रांग. बॅनरवर माझा फोटो, भाटकारांचा त्याहून मोठा. आणि मग जत्रा. जत्रेचं आधी सांगितलंच.

त्या दिवशी संध्याकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. त्यांनी सगळं पाहिलं होतं. शाल अजून खांद्यावर होती. म्हणाले, "जाऊं दी गो. गावचें मनाक लावन घेवंक नाका. आपलें काम रिंगांत." सर चांगले आहेत. मला घडवलं त्यांनी. त्यांनी वाईट केलं असतं तर सोपं गेलं असतं. मी मान हलवली.

पण नंतर माझे हात चालेनात. बॅगवर मारायला जावं आणि मध्येच तो टाळ झटकलेला दिसावा. थेंब पडल्यासारखे वाटत. सरांना वाटे मी डोक्यात हवा जाऊन सुस्तावले. पुढच्या स्पर्धेत पहिल्याच लढतीत हरले. ती मुलगी माझ्यापेक्षा चांगली नव्हती. मी हात वर धरायलाच विसरले होते.

घरी आले की बाबा पदक काढून बघत. येणाऱ्या प्रत्येकाला सांगत, देवाच्या पायांकडे जाऊन आलंय हे. कुंकवाचा डाग त्यांनी पुसू दिला नव्हता. मी एकदा म्हटलं, "बाबा, तें पाणी कित्याक शिंपडलें पदकार?" ते म्हणाले, "रीत." मी म्हटलं, "माज्या घामाक रीत?" ते उठून बाहेर गेले. आई सूप विणत होती. तिनं मान वर केली नाही.

मला राग बाबांचा येत होता, आणि हे सांगताना मला अजून लाज वाटते. भाटकारांचा राग सोपा होता. पण पदक सुपात कोणी ठेवलं? माझ्या बापानं. इतक्या सहज, की त्यांना वाटलं ते मला मदत करतायत. भाटकारांना अडचण होऊ नये, मला अपमान वाटू नये, सगळं नीट पार पडावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ते भाटकारांचं. आमच्या बापांचा पीळ वेगळा आहे. त्यांना वाकायचं वळण इतकं पडलंय की कोणी वाकवायची गरजच नाही. त्या वर्षात मी बापाचा आणि माझा विचार इतका केला तेवढा कुठल्या प्रतिस्पर्ध्याचा केला नाही.

पुढच्या राष्ट्रीय स्पर्धेला मी वेगळीच होऊन गेले. सर म्हणाले, "आज तुज्या दोळ्यांत कितें आसा गो?" मी म्हटलं, काही नाही. सगळ्या लढती जिंकले. पुन्हा सोनं.

जत्रेआधी समितीची माणसं घरी आली. भाटकार पुढे. आईनं लगबगीनं अंगणात खुर्च्या मांडल्या. चहा पुढे केला तर म्हणाले, आत्ताच घेऊन आलो. दरवेळी आत्ताच घेऊन आलेले असतात. भाटकार औषधशास्त्र शिकलेले, पणजीला दुकान आहे, बोलतात मऊ.

"औंदा सत्कार मोठो आसा बाय. आमदार येतले. तू पदक घेवन ये."

मी म्हटलं, "येतंय. पदक गळ्यात घालून येतंय. गळ्यातसून काडचंय ना." म्हणजे काढणार नाही.

ते हसले. "ये मगे. कोण नाका म्हणता? पायऱ्यांपर्यंत ये."

"मी वयर येतलंय. पदक देवाकडे न्हेवचें तर मीच न्हेतलंय."

चहाचे कप तसेच. भाटकारांनी माझ्याकडे बघणं सोडून बाबांकडे बघितलं. म्हणाले, "रीत आमी न्हय घातली. तुज्या आज्यान पाळली, बापायन पाळली. तू आता बापायच्या मानाक हात लायतंय."

मी म्हटलं, "सर वयर गेल्ले."

"ते वेगळे."

बस्स. एवढंच ऐकायचं होतं मला. इतकी वर्षं कोणी तोंडानं म्हणालं नव्हतं. बाबा मध्ये पडले, हात जोडून म्हणाले, "ती येतली. पायऱ्यांकडे उबी रावतली. हांव सांगतां." मी म्हटलं, "बाबा, तुमी माज्या वतीन सांगूं नाकात."

ते गेल्यावर बाबा रात्रभर अंगणात बसून राहिले असं आई म्हणाली. मी सरांना फोन केला. म्हटलं, सर, या वेळी तुम्हाला वर बोलावतील. तुम्ही खाली माझ्याबरोबर उभे राहा, नाहीतर माझ्याबरोबर वर चला. मग म्हणाले, "माका कित्याक ओडटा गो तातूंत?" जत्रेला ते आलेच नाहीत. बरं नाही असा निरोप पाठवला. अजूनही सरावाला पॅड तेच धरतात. कधी कधी मी जरा जास्तच जोरानं मारते. ते पॅड आणखी घट्ट धरतात.

जत्रेच्या दिवशी मी राज्याचा ट्रॅकसूट घातला. पदक गळ्यात. बाबा पुढे गेले होते, डोक्यावर सुपांची चळत, धुतलेला सदरा. मी पोहोचले तेव्हा सुपं पायरीवर होती आणि बाबा मागे सरकून उभे होते. भट तांब्या घेऊन बाहेर येत होता. वर बायकांची रांग होती, ओटीची ताटं घेऊन. कायद्यानं देऊळ सगळ्यांना खुलं आहे. फलक नाही, दोरी नाही, कोणी काठी घेऊन उभा नाही. फक्त त्या पायऱ्या. मी सुपांच्या बाजूनं पाय टाकला आणि चढले.

एका स्वयंसेवक पोरानं हात आडवा केला. मी थांबले. माझे हात खाली होते, मुद्दाम खालीच ठेवले होते. त्यानं माझ्या दंडाकडे पाहिलं, मग भाटकारांकडे पाहिलं. भाटकारांनी काहीच खूण केली नाही, आमदारांची माणसं फोन काढून उभी होती. पोरानं हात काढला.

मी सभामंडपात गेले. बायकांची रांग आपोआप फाटली. ढोल थांबला. गाभाऱ्यासमोर पोहोचले तर पुजाऱ्यानं आतून पडदा ओढला. मी उंबऱ्याशी उभी राहिले. हात जोडले नाहीत. जोडायला आले नव्हते. पदक काढलं नाही. पडद्याकडे बघत उभी राहिले.

मग मागे कुजबुज झाली आणि मी वळले.

खाली अंगणात बाबा जमिनीवर पालथे पडले होते. दोन्ही हात पुढे, कपाळ मातीला. मोठ्यानं म्हणत होते, "चूक जाली. पोरगें आसा. पदरांत घेयात."

आजवर मला खूप बुक्क्या बसल्या. पोटात, बरगडीत, जबड्यावर. एकदा शुद्ध गेली होती. पण अशी कधी बसली नव्हती.

भाटकार माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. पायऱ्या उतरून ते बाबांपाशी गेले, हात न लावता वाकले आणि म्हणाले, "ऊठ. तुजी कांय चूक ना." आमदारांची गाडी आली तेव्हा सत्कार रद्द झाल्याचं स्पीकरवर सांगितलं, तांत्रिक कारणामुळे. दुसऱ्या दिवशी देऊळ धुतलं. जत्रेनंतर दरवर्षी धुतातच, असं समिती म्हणाली. ते खरंही आहे.

मी पोलिसांत गेले. हवालदारानं विचारलं, "तुका कोणें आडायली?"

"कोणें ना."

"शिवी दिली?"

"ना."

"मगे तक्रार कितें?"

मी म्हटलं, पाणी. त्यानं वही मिटली. मग म्हणाला, पदक दाखव बघू. त्याला हातात घेऊन फोटो हवा होता.

सुपं द्यायचा मान आता चुलत्याच्या घराकडे गेला. बांबूही त्यांनाच मिळतो. आई म्हणाली, "मान गेलो तर गेलो. बांबू खंयचे हाडतलीं आमी?" तिचं बरोबर होतं. आता ती दोडामार्गहून विकतचा बांबू आणवते आणि टोपल्या म्हापशाच्या बाजारात जातात. पदकांमुळे मला नोकरी लागली आहे, घर चालतं. वाड्यावरच्या काही मुली माझ्याकडे शिकायला येतात, घरामागच्या मोकळ्या जागेत. काहींच्या आयांनी पाठवायचं बंद केलं. काहींनी नाही. वाड्यावरही सगळे माझ्या बाजूचे नाहीत. चुलता म्हणतो, नाकापेक्षा मोती जड झाला. वाड्याची एकी मोडली म्हणतात. कसली एकी, ओंजळ करून उभं राहायची.

बाबा त्या दिवशी घरी आले आणि एकच वाक्य बोलले. "माका जितोच मारलंस गो." त्यानंतर माझ्याशी बोलणं बंद. मी वाढलेलं जेवतात. मी आणलेली औषधं घेतात. मी खोलीत आले की भिंतीकडे तोंड करतात. जत्रेचा दिवस आला की सकाळी उठून धुतलेला सदरा घालतात, दारात बसतात, आणि दुपारी काढून ठेवतात. हे बघायला मला कुठल्याही सरांनी शिकवलेलं नाही.

गेल्या आठवड्यात ते बोलले. दोनेक वर्षांनी. मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. भाटकारांकडून निरोप आला होता, चुलत्याच्या घरचं विणकाम नीट नाही, सुपं उसवतात. मुलीनं पायऱ्यांपाशी येऊन माफी मागितली तर मान घराला परत मिळेल. बाबा माझ्याकडे न बघता म्हणाले, "एक फावट माफी माग गो. माज्याखातीर. हांव आतां किती दीस आसां?"

मला वाटलं मी हो म्हणेन. खरंच वाटलं. एक वाक्य तर आहे. कोणाला काय फरक पडतो. म्हातारा माणूस, शेवटचे दिवस, एक नारळ हवा आहे त्याला. मी त्यांचे पाय धरून बसले होते. टाचा भेगाळलेल्या. आयुष्यभर अनवाणी त्या अंगणात उभ्या राहिलेल्या.

मी म्हटलं, "ना, बाबा."

त्यांनी पाय ओढून घेतले.

म्हणून हे सांगितलं. माझा बाप माझ्यावर रागावलेलाच जाईल कदाचित. जाऊ दे. मी त्याला सांभाळीन, त्याचं सगळं करीन, तो बोलला नाही तरी रोज त्याच्या खोलीत जाईन. त्याला आनंद द्यायला माझ्याकडे दोन हात आहेत, नोकरी आहे, घर आहे. पण त्याला जो आनंद हवा आहे तो मी देणार नाही. तो आनंद त्याला मारून मारून शिकवलेला आहे. येत्या जत्रेला मी पुन्हा वर जाणार आहे, आणि माझ्याकडे शिकणाऱ्या ज्या मुलींना यायचं असेल त्यांना घेऊन जाणार आहे. पडदा ओढतील, ओढू देत. बाप पुन्हा मातीत पडला तर मी त्याला उठवायला खाली धावणार नाही. वरूनच हाक मारीन. त्याला यायचं असेल तर त्यानं चढून यावं.